बापाचं रक्त

चंद्रपूरकडच्या काही घरांत सोयरिकीच्या बैठकीत शेती किती, नोकरी कुठं हे विचारून झालं की कुणीतरी जरा खालच्या आवाजात विचारतं, "पोराचा पॅटर्न काढला का जी?" पॅटर्न म्हणजे हिमोग्लोबिनचा पॅटर्न. एए असला तर काही नाही, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आज्याही ही अक्षरं बिनचूक म्हणतात. मी लॅब टेक्निशियन आहे. आधी तालुक्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी, माझ्या नोकरीचा मोठा भाग हीच अक्षरं कागदावर उतरवण्यात गेला. लोकांना वाटतं पॅटर्न तीनच. पोस्टरवरही तीनच असतात. मला सांगायचं आहे ते चौथ्याबद्दल, आणि त्यापायी एका बाईला काय सोसावं लागलं त्याबद्दल.

आधी या आजाराची आमच्याकडची चाल सांगते. एसएसचं बाळ जन्मतः चांगलं गुटगुटीत असतं. पोटातून येताना त्याच्या रक्तात गर्भाचं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, भरपूर असतं आणि त्याला सिकल होणं ठाऊक नाही. सहा महिने उलटले की ते ओसरायला लागतं. मग एके दिवशी बाळाच्या हातापायांची बोटं टम्म फुगतात, हात लावला की किंचाळतं. आई आधी काटा शोधते, मग पुजाऱ्याकडे जाते आणि नंतर आमच्याकडे येते. थोडं मोठं झालं की डोळे पिवळे दिसतात. त्यावर काविळीचा झाडपाला होतो. पानथरी वाढते, तर आमच्या भागात मलेरियानेही ती वाढते, त्यामुळे तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. तांबड्या पेशी लोहाअभावी कमी नसतात, त्या वेळेआधी मरत असतात, हे कळेपर्यंत पोर शाळेत जायच्या वयाचं होतं.

आणि दुखणं शेतीच्या वेळापत्रकाने येतं. जुलैत रोवणी सुरू झाली की बाया दिवसभर पावसात, घोटाभर पाण्याच्या बांधीत वाकून असतात. अंग भिजलेलं, पोटात पाणी मात्र कमी. रात्री हाडं फुटायला लागतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम; पहाटे अंधारात जंगलात शिरायचं, ऊन चढेपर्यंत तोडायचं, बरोबरची पाण्याची बाटली नऊ वाजताच संपते. शरीर सुकलं की पेशी अडकतात. डिसेंबरच्या थंडीत पुन्हा तेच. कागदावरचा सल्ला असतो: भरपूर पाणी प्या, भिजू नका, थंडी टाळा, अतिश्रम करू नका. धानपट्ट्यातल्या रोजंदार बाईने यातलं नेमकं काय पाळायचं, हे मला आजवर कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलेलं नाही.

या सगळ्याचं मूळ अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. तिथं एचबीबी नावाचं जनुक आहे, जेमतेम सोळाशे अक्षरांचं. शरीरातल्या काही जनुकांपुढे हे अगदीच लहान. ते बीटा ग्लोबिन नावाची प्रथिनाची साखळी बनवतं, १४६ अमिनो आम्लांची. दोन बीटा साखळ्या आणि सोळाव्या गुणसूत्रावरच्या जनुकांनी पाठवलेल्या दोन अल्फा साखळ्या एकत्र आल्या की प्रौढ माणसाचं हिमोग्लोबिन ए तयार होतं. सिकलसेलमध्ये या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. जीएजीच्या जागी जीटीजी. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल बसायचं तिथं व्हॅलिन बसतं. बाकीची १४५ जशीच्या तशी.

हे पुस्तकात वाचलेलं ज्ञान मला पहिल्यांदा खरं वाटलं ते पट्टीवर. सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पांढरी पट्टी असते, साडेआठच्या आसपास पीएच असलेल्या बफरमध्ये भिजवलेली. पेशी सलाइनने धुवायच्या, फोडायच्या, तो लाल द्रव पट्टीच्या एका टोकाला बारीक रेघेत लावायचा आणि वीज सोडायची. हिमोग्लोबिन धन टोकाकडे सरकायला लागतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर तो नसतो. म्हणून एस मागे पडतो आणि ए पुढे जातो. अर्ध्या तासाने पट्टी रंगवून उचलली की दोघांमधलं अंतर डोळ्याने दिसतं. एएस असेल तर दोन पट्टे: पुढे ए, मागे एस. एसएस असेल तर ए गायब, एस जाड आणि दोघांच्या मध्ये एफचा एक फिकट पट्टा. लाइट गेली की सगळं मुसळ केरात. नमुने पुन्हा लावायचे. आमच्याकडे उन्हाळ्यात हे नेहमीचंच.

शरीराच्या आत तेच व्हॅलिन वेगळं काम करतं. पेशीने ऑक्सिजन सोडला की एका रेणूतलं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं, तो तिसऱ्याला धरतो, आणि बघता बघता पेशीत ताठ दोऱ्या तयार होतात. गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, पुढचं सगळं अडवते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ही दहा-वीस दिवसांत संपते. अशा पेशी पहिल्यांदा नोंदवल्या गेल्या शिकागोत, १९१० साली. जेम्स हेरिक या डॉक्टरने ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या वॉल्टर क्लेमंट नोएल नावाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात त्या पाहिल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगने दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. त्यानेही विजेवरच ओळखलं, आम्ही ओळखतो तसंच. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅमने ते एक अमिनो आम्ल शोधून काढलं.

भारतात सिकलसेल सापडला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत. आमच्या बाजूला यायला फार वेळ लागला नाही. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. त्यानंतर विदर्भातून नोंदी येतच राहिल्या. माडिया, परधान, ओटकर अशा काही समाजांत पाचातला एक जण वाहक असल्याचं अभ्यास सांगतात. हा काही केवळ आदिवासींचा आजार नाही. माझ्या रजिस्टरमध्ये बौद्ध आहेत, तेली आहेत, कुणबी आहेत. जनुक टिकून का राहिलं याचं उत्तर १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसनने पूर्व आफ्रिकेत दिलं: एएस माणसाला जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. गडचिरोलीत नोकरी केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळी मलेरियाच्या स्लाइड्स आणि दुपारी सिकलसेलच्या ट्यूब्स, एकाच टेबलावर.

पण लोकांपर्यंत पोचते ती पट्टी नाही. त्यांच्यापर्यंत पोचते सोल्युबिलिटी. बोटाला टोचून एक-दोन थेंब रक्त, रसायनाच्या छोट्या ट्यूबमध्ये. पाच मिनिटं थांबायचं आणि ट्यूबमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. शाळेत, आश्रमशाळेत, आठवडी बाजारात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कुठंही होते, स्वस्त आहे. राज्याचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ च्या सुमारास सुरू झाला तेव्हापासून आम्ही ती ढिगाने केली. पण ही तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: रक्तात एस आहे की नाही. एएस आणि एसएस दोन्ही गढूळच करतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची केली तर फसवते. आणि रक्तात एस नसून दुसराच काही दोष असेल, तर ती त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. रेघा स्वच्छ दिसतात. कार्डावर 'नॉर्मल' लिहिलं जातं.

ती बाई पहाडाकडच्या एका गावातली. नवरा सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. मुलगी पाचेक वर्षांची. वारंवार ताप, पोट दुखणं, गुडघे सुजणं, हिमोग्लोबिन सातच्या आसपास. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली म्हणून नमुना आमच्याकडे आला. पट्टीवर एस जाड, एफ फिका, ए नाही. मी एसएस लिहिलं. पट्टी हेच सांगत होती आणि कुणीही तेच लिहिलं असतं. आईचा एएस. बापाची तपासणी गावच्या कॅम्पमध्ये झालेली होती आणि कार्डावर शिक्का होता: निगेटिव्ह.

आता त्यांच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. आमच्या सगळ्याच केंद्रांत असतं. वर आई आणि बाप, खाली चार मुलं, अर्धी रंगवलेली, पूर्ण रंगवलेली, कोरी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता पाव, वाहक होण्याची निम्मी, निरोगी होण्याची पाव. एक वाहक आणि एक नॉर्मल असेल तर एसएस मूल होत नाही. पोस्टर चुकीचं नाही. मुलीच्या काकाने आयटीआय केलेलं, वाचणारा पोरगा. त्याने पोस्टर वाचलं, भावाचं कार्ड पाहिलं, पुतणीचा रिपोर्ट पाहिला आणि हिशेब मांडला. बाप साफ आहे, आई वाहक आहे, मग पोरीला दुसरा एस आला कुठून?

हा प्रश्न त्याने घरात विचारला. घरातून तो गल्लीत गेला. दोन महिन्यांत बाई मुलीला घेऊन माहेरी आली होती.

ती माझ्याकडे आली तेव्हा एकटीच होती, कडेवर पोर. रडली वगैरे नाही. म्हणाली, "मॅडम, मालं रक्त अजून एकदा तपासा. दोनदा तपासा. काहीतरी चुकलं असंल तं माल्यातच चुकलं असंल ना." मी तिच्याकडे बघत राहिले. दोष शोधायचा तर तो स्वतःतच शोधायचा, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. तिचं रक्त तपासून काही मिळणार नव्हतं. तिचा एएस पक्का होता.

मी मुलीचं रक्त एचपीएलसीवर लावलं. हे यंत्र पट्टीसारखं नुसतं दाखवत नाही, मोजतं. प्रत्येक हिमोग्लोबिन कॉलममधून ठरलेल्या मिनिटाला बाहेर पडतं आणि कागदावर डोंगर काढतं. डोंगराखालच्या क्षेत्रफळावरून टक्केवारी येते. मुलीचा एसचा डोंगर मोठा होता, एफचा मध्यम, ए-टू या आणखी एका हिमोग्लोबिनचा जरा वाढलेला. आणि ए होता. चार टक्के. पट्टीवर इतका फिका पट्टा डोळ्याला दिसत नाही. मी बाईला पहिला प्रश्न विचारला, "हिला कधी रक्त चढवलं होतं का?" कारण तीन-चार महिन्यांत कुणाचं रक्त दिलेलं असेल तर ते चार टक्के त्या रक्तदात्याचे असू शकतात. "नाई जी. चढवा म्हणले होते, पन रक्त भेटलंच नाई." म्हणजे हे ए तिचं स्वतःचं होतं. एसएस असेल तर ए बनवणारं जनुकच नसतं. इथं ए बनत होतं, फक्त अगदी थोडं. कुठलं तरी एचबीबी जनुक बरोबर कृती वाचत होतं, पण हात आखडता घेत होतं.

हा बीटा थॅलेसेमिया. तेच जनुक, तीच जागा, दोष वेगळा. सिकलसेलमध्ये माल बनतो पूर्ण, पण बिघडलेला. थॅलेसेमियात माल चांगला असतो, पण पुरवठा तुटतो. भारतात सगळ्यात जास्त आढळणारा बीटा थॅलेसेमियाचा बदल तर प्रथिनाच्या कृतीतही नाही. जनुकात मधेमधे जे भाग कापून टाकायचे असतात त्यातल्या पहिल्या भागाच्या पाचव्या अक्षरात तो आहे. जीच्या जागी सी. त्यामुळे पेशीला कुठं कापायचं ते नीट कळत नाही आणि बहुतेक कच्चा माल वाया जातो. हे जनुक एकाकडून आणि एसचं जनुक दुसऱ्याकडून आलं की एस-बीटा थॅलेसेमिया होतो. त्रास सिकलसेलसारखाच, कधी कधी तितकाच तीव्र. आणि ज्याच्याकडून थॅलेसेमियाचं जनुक आलं त्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह येते. यायलाच पाहिजे. त्याच्या रक्तात एस नाहीच.

म्हणून मला बापाचं रक्त हवं होतं.

तो येईना. आशाताईने दोनदा सांगून पाहिलं. त्याचं म्हणणं, माझं झालं आहे, कार्ड आहे, पुन्हा कशाला. शेवटी एका सुटीच्या दिवशी आला, तेही कार्ड हातात घेऊनच, जणू पोलिसाला कागदपत्रं दाखवायला आलाय. हिमोग्लोबिन बाराच्या वर. अंगाने दणकट. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लावली तेव्हाच मला कळलं होतं: पेशी लहान, सरासरी आकार ६४, आणि पेशींची संख्या मात्र नेहमीपेक्षा जास्त. लोहाची कमतरता असती तर संख्याही घसरली असती. एचपीएलसीवर ए-टू साडेपाच टक्के निघाला. साधारणपणे साडेतीन-चारच्या वर गेला की थॅलेसेमिया वाहक समजतात. डॉक्टरांनी पुढच्या खात्रीसाठी तिघांचेही नमुने डीएनए तपासणीला पाठवले. त्या वेळी असे नमुने मुंबईच्या एनआयआयएच या संस्थेला जायचे. हिमोग्लोबिनच्या आजारांचं आयसीएमआरचं केंद्र आता चंद्रपुरातच आहे, ११ डिसेंबर २०२२ ला त्याचं लोकार्पण झालं. तेव्हा ते नव्हतं. उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा बाप आणि मुलगी, दोघांतही तोच बदल होता. पहिल्या कापायच्या भागाचं पाचवं अक्षर.

त्याला सांगणं माझं काम नव्हतं, समुपदेशकाचं होतं. ती जागा तेव्हा रिकामी होती. मीच सांगितलं. मुलीच्या रक्तात चार टक्के चांगलं हिमोग्लोबिन आहे, ते तुमच्या जनुकाने बनवलंय. तुमच्या त्याच जनुकात एक दोष आहे, म्हणून ते चारच टक्के आहे. आईकडून एक दोष आला, तुमच्याकडून दुसरा. दोघांपैकी कुणालाच आजार नाही, दोघांचं मिळून तिला झाला.

बराच वेळ तो रिपोर्टकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे माले बी हाय?"

"तुम्हाला आजार नाही. पण हो, आहे."

"पन कार्डावर तं नाई लिवलं हाय."

कार्डावर नव्हतंच. मी त्याला कार्ड चुकीचं आहे असं म्हटलं नाही, कारण कार्ड ज्या प्रश्नाचं उत्तर देत होतं ते बरोबरच होतं. प्रश्नच अपुरा होता. पण हे वाक्य गावात जाऊन कुणाला सांगता येत नाही. तो गेला. पुढच्या आठवड्यात परत आला आणि बरोबर भावाला घेऊन आला, तोच आयटीआयवाला. खुर्चीवर त्याला बसवलं, स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मले सांगता नाई येत. तुमीच सांगा याले."

मी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोस्टरचंच चित्र काढलं. वर आई, बाप. आईच्या अर्ध्यात रेघा, बापाच्या अर्ध्यात टिंबं. खाली चार मुलं: एक कोरं, एक रेघांचं, एक टिंबांचं आणि एकात अर्ध्या रेघा, अर्धी टिंबं. काकाला कळायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हुशार पोरगा होता, म्हणून तर एवढं झालं होतं. तो म्हणाला, "हे भिंतीवर कावून नाई लावलं?" मला त्याचा राग यायला हवा होता, एका बाईचं घर त्याच्या हिशेबाने मोडकळीला आलं होतं. पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. तो कागद त्याने घडी करून खिशात घातला.

बाई घरी परतली हे मला आशाताईकडून कळलं. घरात काय बोलणं झालं, कुणी तिची माफी मागितली का, हे मी विचारलं नाही. पुढे मुलीला घेऊन ती तपासणीला यायची, तेव्हा नवरा बाहेर बाकावर बसलेला असायचा. एवढंच मला दिसलं.

या प्रकरणानंतर मी आमच्या लॅबमध्ये एक आग्रह धरला, आणि डॉक्टरांनी तो मानला. एसएस दिसणारं मूल आणि त्याच्या आईबापांचं जुळत नसेल, तर मुलाचा रिपोर्ट एकटा बाहेर जायचा नाही. आईबापांची सीबीसी आणि एचपीएलसी झाल्याशिवाय नाही. यात वेळ जातो, महिन्याच्या आकड्यात आमची कामगिरी कमी दिसते. दिसू दे. अर्धवट तपासणीपेक्षा तपासणी न झालेली परवडते, असं माझं स्पष्ट मत आहे. तपासणी न झालेल्या घरात निदान कुणाकडे पुरावा नसतो.

दुसरा अर्धवटपणा उपचारांचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं, तेव्हा सुरुवातीच्या संशोधनात सिकलसेलची पाहणी होती. हे जनुक जिल्ह्यात किती पसरलंय ते त्यातून पुढे आलं. पण लोकांना त्या शोधाचं फार अप्रूप नव्हतं, आणि लोकांच्या गरजेचं संशोधन म्हणजे काय हा धडा त्यातून मिळाल्याचं डॉ. बंग सांगतात. मला त्या लोकांचं म्हणणं पटतं. ज्या आजारावर देण्यासारखं काही नाही त्याचं नाव कळून कुणी काय करायचं?

आज देण्यासारखं आहे. हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल. अमेरिकेत १९९८ मध्ये सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. ती शरीराला ते बाळपणीचं एचबीएफ पुन्हा बनवायला लावते. एफ वाढला की एसच्या दोऱ्या लांब होत नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी लहान मुलांना कमी डोस देऊन अभ्यास केला. दुखण्याचे झटके आणि रक्त चढवायची पाळी, दोन्ही बरंच कमी झालं. या औषधाने पांढऱ्या पेशी घसरू शकतात, म्हणून रक्ताची तपासणी नेमाने लागते, आणि तिथं माझं काम येतं. त्या मुलीचा एफ दर खेपेला थोडा थोडा चढलेला मी बघितला आहे. यंत्राच्या कागदावर एफचा डोंगर रुंद होत जातो आणि तसतशी मुलगी शाळेत जास्त दिवस दिसते. माझ्या कामात याहून सुखाचं काही नाही. पण कॅप्सूल संपली आणि पुढचा साठा आला नाही, की दोन महिन्यांत तो डोंगर पुन्हा बसतो. रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे, ही सवलत खरोखर मोलाची आहे; पण पहाडावरून खाली येऊन औषध नाही असं ऐकून परत जायचं असेल, तर मोफत प्रवासाचं काय करायचं.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं लक्ष्य. आम्हीही रोज आकडे भरतो. त्याच वर्षाच्या अखेरीला ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकात बदल करून सिकलसेल बरा करणाऱ्या कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे आयजीआयबी या संशोधन संस्थेने विकसित केलेला तसाच उपचार बिरसा मुंडांच्या नावाने आला आहे आणि तो पुढे नेण्याचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आहे. कॅम्पमध्ये तरुण पोरं मोबाइलवर या बातम्या दाखवून विचारतात, आपल्याकडे कधी? मी त्यांना विचारते, कॅप्सूल रोज घेता का? त्यावर ते हसतात.

त्या मुलीच्या बापाने, मी न सांगता, आपल्या भावंडांना एकेक करून तपासणीला आणलं. आयटीआयवाल्या भावाचा ए-टू नॉर्मल निघाला. धाकट्या बहिणीचा वाढलेला. तिचं लग्न ठरतंय. मुलगा बल्लारपूरला पेपर मिलमध्ये आहे. त्याच्या घरच्यांनी आनंदाने निरोप पाठवला की मुलीचं सिकलसेल निगेटिव्ह आहे हे कळलं, मुलाची सोल्युबिलिटी मात्र केलेली नाही, करायची गरज नाही ना? मी म्हटलं, सोल्युबिलिटीने भागणार नाही, मला ट्यूबभर रक्त लागेल. त्यावर मुलाच्या वडिलांचा फोन आला. आमच्याकडे कुणाला काही नाही, तुम्ही लग्न मोडायला निघालात का, असा सूर. त्यांना समजावून सांगितलं की लग्न करायचं की नाही हे त्या दोघांचं त्यांनी ठरवायचं. मुलगा वाहक निघाला तरी दिवस राहिल्यावर दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास पोटातल्या गर्भाची तपासणी करता येते. पण आम्हाला आधी ठाऊक असेल तरच ती वेळेत होईल. बराच वेळ बोललो. शेवटी ते म्हणाले, पोराची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते.

गुरुवारी यंत्र चालू ठेवायला मी सांगून ठेवलं आहे. कॉलम संपत आलाय, नवीन अजून आलेला नाही, पण चार-पाच नमुने निघतील. त्याच्याबरोबर त्याच्या बहिणीलाही आणा म्हटलंय.